छत्रीच्या कापडाची बाहुली

बाई खाली बसायच्या नाहीत. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, पोरांना गोष्ट सांगायची ती वर्गभर फिरत. संध्याकाळी भाकरीचा तुकडा हातात घेऊन त्या खोलीत येरझाऱ्या घालायच्या, आणि मी चुलीपाशी बसून मान इकडून तिकडे फिरवत त्यांच्याशी बोलायची. मानेला कळ लागायची माझ्या. "अहो बाई, टेका की जरा कुठंतरी!" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसले की सुचत नाही." उभ्यानं तरी काय सुचायचं म्हणा! रोज एक नवं खूळ, आणि त्या खुळापायी नाकी नऊ माझ्या.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी मुळशीतल्याच चांदे गावची, नुकती डी.एड. झालेली, आणि पहिली नेमणूक मिळाली ती पार ताम्हिणीच्या अंगाला, घाटाच्या तोंडाशी असलेल्या एका गावात. तालुका तोच, पण रोज जाऊन येऊन करायची सोय नव्हती. पावसाळ्यात एसटी आली तर आली. म्हणून शाळेच्या मागच्या दोन खोल्यांपैकी एक मी घेतली. दुसरीत बालवाडीच्या बाई. गावात त्यांना कुणी जागा दिली नव्हती. बाई बौद्ध, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, आणि वर तोंडाच्या फटकळ. "यातलं एक कारण पुरलं असतं गं," त्या म्हणायच्या, "मी तिन्ही घेऊन आले."

उंच, काळ्याभोर, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि आवाज असा की बालवाडीतल्या पोराला हाक मारली तर खालच्या खाचरात लावणी करणारी माणसं वर बघायची. हळू बोलणं त्यांना जमायचंच नाही. गुपित म्हणून सांगितलेली गोष्ट त्या दुसऱ्या दिवशी नळावर सांगायच्या, तीही कौतुकानं. माझ्या घरच्यांनी माझ्यासाठी स्थळ बघायला घेतलंय हे गावाला असंच कळलं.

आणखी एक खोड सुईची. बाई कायम काहीतरी शिवत असायच्या. शिवता शिवता दुसरं काही सुचलं की हातातली सुई समोर येईल त्यात टोचून मोकळ्या! पदरात, उशीत, वेळेला टोपलीतल्या वांग्यातसुद्धा. मी कितीदा टोचून घेतलं असेल त्याला गणती नाही. भांडून झालं, रडून झालं. मी बोट चोखत ओरडत असायची आणि बाई म्हणायच्या, "सापडली का? बरं झालं बाई, मघापासून शोधत होते!"

दृष्ट, करणी, उतारा, देवरुषी या सगळ्यांवर बाईंचा दात होता. आमच्याकडे पोराची दृष्ट काढतात ती मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या ओवाळून. त्या विस्तवात टाकायच्या. ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच; कुणालाच ठसका लागला नाही तर जबर लागलेली, असा हिशेब. बाईंनी एक दिवस बालवाडीत शेगडी पेटवली, दार लावून घेतलं आणि मूठभर मिरच्या निखाऱ्यांवर टाकल्या. पोरं, दाराशी आलेल्या आया, शेजारच्या वर्गात शिकवणारी मी, सगळे खोकून खोकून बेजार. "बघा," बाई स्वतः खोकत खोकत ओरडत होत्या, "मिरची जळली की ठसका लागणारच! दृष्टीचा काय संबंध?" दुसऱ्या दिवशी एकही पोर आलं नाही. मग बाई घरोघर गेल्या आणि एकेकाला काखोटीला मारून घेऊन आल्या.

तर असल्या बाईंच्या बालवाडीत एक तक्ता होता. मोठा, रंगीत, वर-खाली लाकडी पट्टी लावलेला. एका बाजूला चांगल्या सवयी, दुसऱ्या बाजूला वाईट. चांगल्या बाजूची मुलं दात घासत होती, अंघोळ करत होती, आईवडिलांना नमस्कार करत होती. सगळी गोरीपान, गाल गुलाबी. वाईट बाजूची मुलं नखं खात होती, चिखलात लोळत होती, रडत होती. ती काळी. चित्र काढणाऱ्यानं काही मनात धरून केलं असेल असं नाही. मळकं दाखवायचं म्हणून काळा रंग फासला असेल. आम्ही सगळ्या असलेच तक्ते बघत वाढलो. मला त्यात कधी काही खुपलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बाईंनाही नाही.

एक दिवस त्यांनी त्या तक्त्याचा खेळ घेतला. "चांगली मुलं कुठली, वाईट कुठली? ज्याला जिथं वाटेल तिथं उभं राहा, पळा!" सगळी झुंड चांगल्या बाजूला धावली. त्यात नाक वाहणारे होते, हगून न धुता आलेले होते, एक तर शेजारणीला चावत चावत धावला. आणि कुसुम, पाच वर्षांची, तेल लावून चापूनचोपून दोन वेण्या घातलेली, धुतलेला झगा घातलेली, सावकाश चालत दुसऱ्या बाजूला गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. एकटीच.

"अगं, तू अंघोळ करून आलीस ना?" बाईंनी विचारलं.

"व्हय."

"नखं बघू? छान कापलेली आहेत. मग तू इथं का गं?"

कुसुमनं वळून चित्रातल्या त्या चिखलातल्या पोरीवर बोट ठेवलं. "ही माज्यावानी हाय."

मी दारातच होते.  बाईंनी पुढं होऊन तो तक्ता खुंटीवरून काढला आणि उलटा, तोंड भिंतीकडं करून, पुन्हा टांगला. तो तसाच राहिला. तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं, "हा असा का लावलाय?" तर आमच्या बाई म्हणाल्या, "दमलाय. विश्रांती घेतोय."

त्या संध्याकाळी येरझाऱ्या थांबेनात. खोली ती केवढी, चार पावलं टाकली की भिंत. बाई भिंतीला जाऊन थडकायच्या आणि परत फिरायच्या. "कुणी ढकललं नाही गं तिला! आपल्या पायांनी चालत गेली. पाच वर्षांची पोर, आणि तिला ठाऊक झालं आपली जागा कुठली ते!" मग मला म्हणाल्या, "शाळेच्या नाटकात दरवर्षी राक्षस मी. गुरुजी म्हणायचे, हिला रंगवायला नको, तेवढी काजळी वाचली. मी हसायची. मोठ्यानं हसायची. तेव्हापासून हा आवाज." एवढं बोलून भाकरी तशीच ताटात टाकली. "मला ती पोर त्या बाजूतून बाहेर निघालेली बघायचीय. मग या बालवाडीचं काय व्हायचं ते होऊ दे."

आता हे घरातून येत होतं की तक्त्यातून? दोन्हीकडून. मी बाईंबरोबर कुसुमच्या घरी गेले होते. चांगलं खाऊनपिऊन सुखी मराठ्याचं घर. पडवीत कुसुमची आजी धाकट्या पुतणीच्या पोराला मांडीवर घेऊन काजळ घालत होती. पोर गोरं. त्याच्या गालाला तीट, कपाळाला तीट, तळपायाला तीट. कुसुम शेजारी बसून बघत होती. बाईंना अशा गोष्टी पटत नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी त्यांनी मुद्दाम विचारलं, "आजी, कुसुमला नाही का लावत?"

"हिला कशाला तीट?" आजी हसली. "ही सोताच तीट हाय आमच्या घरची!"

पडवीतल्या सगळ्या हसल्या. वाईट वाटावं असं काही बोललोय हे त्या माउलीच्या गावीही नव्हतं. जीव होता तिचा नातीवर. वेण्या तीच घालायची, भाकरीला लोणी तीच लावायची. पण कुसुमही त्या हसण्यात हसली, आणि ते माझ्याच्यानं बघवलं नाही.

मग बाईंनी छत्र्या गोळा करायला घेतल्या.

घाटाच्या तोंडाला पाऊस म्हणजे काय हे ज्यानं सोसलंय त्यालाच कळेल. एक छत्री एका पावसाळ्यात खलास. काड्या मोडायच्या, दांडा जायचा, कापड तेवढं धड राहायचं. बाई घरोघर जाऊन मोडक्या छत्र्या मागायला लागल्या. पौडच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करणारा बसायचा, त्याच्यापुढच्या चिंध्या गोळा करून आणल्या. माझी छत्री तर चांगली धड होती, दोन महिन्यांची! शाळेतून आले तर तिचा नुसता सांगाडा दाराशी. "काडी वाकली होती," बाई म्हणाल्या. असा संताप झाला माझा! दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या कापडाच्या त्यांनी बाहुल्या केल्या. पोटात भाताचं तूस, डोळ्यांना सदऱ्याची पांढरी बटणं, लाल दोऱ्याचे ओठ, काथ्याचे केस. झंपर मात्र खणाच्या तुकड्यांचे, झकास. काळ्याकुट्ट बाहुल्या, खणाचे झंपर घालून फळीवर रांगेत बसलेल्या. मी म्हटलं, "अहो, एकदम काळं कशाला? सावळं, गव्हाळ असं एखादं कापड बघू की."

"गव्हाळ म्हणजे काय गं?" बाई कडाडल्या. "तो लग्नाच्या बाजारातला शब्द. पोरांच्या खोलीत नको."

तपासणीच्या बाईंनीही सुचवलं, मुलं दचकतील, पांढरं मांजरपाट वापरा. आमच्या म्हणाल्या, "मांजरपाट मळतं."

बाहुल्या आल्या तशा गोष्टीही बदलल्या. बाईंच्या गोष्टीत राजकन्या असायची ती जांभळासारखी काळी. पोरं कुरकुरायची. "ओ बाई, राजकन्या गोरी असती!"

"तू बघितलीस?"

"न्हाई."

"मी बघितलीय. पौडच्या बाजारात. कोथिंबीर घेत होती."

 दोन-तीन आठवड्यांत पोरांना त्यात काही वावगं वाटेनासं झालं. बाहुल्यांची नावंही पोरांनीच ठेवायची असा नियम. शेवंती, गुलाब, एक तर 'एसटी' नावाची बाहुली होती. शनिवारी पाळीपाळीनं बाहुली घरी न्यायची, सोमवारी आणायची.

माझ्या छत्रीची बाहुली कुसुमकडं आली. तिनं ती घेतली, मांडीवर धरली, पण नाव काही ठेवीना. "काय नाव हिचं?" विचारलं की नुसती बघत राहायची. "ती," म्हणायची. "तिला भूक लागलीया." "ती निजलीया." बाईंचा जीव कासावीस. "नाव का ठेवत नाही गं ही? अजून आपली म्हणत नाही तिला. अजून तिथंच उभी आहे, त्या बाजूला." रोज संध्याकाळी हेच. मला कधी कधी वाटायचं, उठावं आणि आपणच काहीतरी नाव ठेवून टाकावं, म्हणजे मला झोप तरी लागेल.

मधेच माझं ते स्थळ उगवलं. पुण्याला निघालेली माणसं, वाटेत मुलगी बघून जाऊ म्हणून थेट शाळेवर. मी घाईघाईत तोंडावर पावडर थापली. बाईंनी ते पाहिलं, पण चक्क गप्प राहिल्या. मुलाची आत्या म्हणाली, "पोरीला जरा उजेडात बसवा, रंग कळत न्हाई." मी उठून खिडकीत बसले. काय करणार, सवय होती. बघून झालं तशा बाई पुढं झाल्या आणि मुलाला म्हणाल्या, "उठा, आता तुम्ही बसा उजेडात. आम्हालाही बघू दे." आणि तो शहाणा उठून बसला की हो खिडकीत! त्याची आत्या तरातरा बाहेर. स्थळ गेलं ते गेलंच. तेव्हा मी बाईंना नाही नाही ते बोलले. राग अजूनही थोडा आहे, आणि तो खिडकीत बसलेला आठवला की हसूही येतं.

दुसऱ्या पावसाळ्यात कुसुमला भाऊ झाला. गोरा. घरात आनंदाला पारावार नाही. श्रावण सरता सरता त्या पोराला ताप भरला. आम्हाला काही पत्ता नव्हता. शनिवारी कुसुमची पाळी होती, ती बाहुली घेऊन गेली. बाहुलीचा हात उसवला होता, बाईंनी तिला थांबवून टाके घातले, एवढं मी पाहिलं होतं.

सोमवारी दुपारी कुसुमचा बाप, बबन, चिखल तुडवत शाळेच्या दारात आला. एरवी मान वर करून न बोलणारा माणूस. "बाई, घराकडं चला," एवढंच म्हणाला, पण मान वर करून. बाईंना त्यानं एकटीला नेऊ नये म्हणून मीही वर्ग सोडून निघाले.

पडवीत माणूस मावत नव्हता. मध्ये आगटी पेटलेली, तिच्याशेजारी देवरुषी घोंगडी पांघरून बसलेला. पोराचा ताप उतरेना म्हणून त्याला आणलेलं. त्यानं सांगितलं, घरात काळी वस्तू शिरलीय. अंथरुणं झटकली, आणि पाळण्यातल्या गोधडीखालून पडली ती बाहुली. आजीला दिसू नये म्हणून कुसुमनं तिथं लपवलेली. काळी बाहुली, आणि बरोबर छातीत सुई.

आता सांगा, आमच्या मुलखात याचा दुसरा काय अर्थ लावणार कुणी?

"सुई माझी," बाई लगेच म्हणाल्या. "टाके घालताना टोचली आणि विसरले. खोड आहे मला. या मास्तरीणबाईंना विचारा."

"खरंय हो!" मी म्हटलं. "माझ्या उशीत असतात यांच्या सुया!"

कुणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं. मागून कुणीतरी बाईंच्या जातीवरून बोललं. काय बोललं ते मी लिहिणार नाही. बाईंनी तिकडं पाहिलंही नाही. "बबनराव, पोराला पौडला दवाखान्यात न्या. आत्ता. बाकीचं मागाहून."

"आदी ही ब्याद जळंल," आजी म्हणाली, "मग पोर उंबऱ्याभाईर जाईल." बाहुली तिनं एका पायाला धरून उलटी लटकवली होती. "माज्या पोराच्या मुळावर उटली ही काळी!"

"काळ्या बाव्हलीत सुई," देवरुषी म्हणाला. "आनी काय पायजे? घाला आगीत."

बबन मात्र बाईंसमोर आला. त्याला भांडण नको होतं, त्याला पोर दवाखान्यात न्यायचं होतं. "बाई, येवडंच म्हना, चुकलं, पुन्यांदा काळी बाव्हली करनार न्हाई. पांढरी करा, लाल करा, कुनी काय बोलनार न्हाई. मी सांगतो समद्यास्नी."

सोपं होतं. एक वाक्य! मी बाईंचा पदर ओढला. "म्हणा ना हो बाई! म्हणा आणि चला."

बाई हलेनात. त्या बबनकडं बघतच नव्हत्या. खांबाला धरून कुसुम उभी होती. काळी ब्याद, काळी वस्तू, काळी बाहुली, सगळं ऐकत होती.

"नाही म्हणणार," बाई म्हणाल्या. मग मला, त्यांच्या मानानं हळू, "ती ऐकतेय ना गं."

आजीनं हात आगटीवर नेला. आणि कुसुम खांब सोडून धावली. आजीच्या लुगड्याला लोंबकळली.

"आजे, जाळू नगं! तिला जाळू नगं! ती कुसुम हाय!"

आजीचा हात तिथंच थबकला. "काय म्हनालीस?"

"तिचं नाव कुसुम हाय."

पडवीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मला आधी कळेना काय झालं, पण त्या सगळ्यांना माझ्याआधी कळलं होतं. करणीचा सगळा खेळ नावावर असतो. ज्याच्या नावाची बाहुली, त्याच्या जिवाला ती बांधलेली. बाहुलीला टोचलं की माणसाला टोचतं, बाहुली जळली की... आणि आजीच्या हातात, विस्तवाच्या वर, तिच्या नातीच्या नावाची बाहुली होती.

देवरुष्यानं घोंगडी सावरली आणि तो दोन हात मागं सरकला. "मी काय जाळा म्हनून सांगितलं न्हाई," म्हणाला. "तुमचं तुमी बगा." आणि चपला शोधायला लागला.

आजीनं बाहुली झटकन छातीशी धरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "कवा ठिवलंस गं नाव?"

"लई दिस झालं."

"मंग बाईस्नी सांगितलं का न्हाईस?"

कुसुमनं बाईंकडं चोरून पाहिलं. "त्या मोट्यांदा वरडल्या असत्या. समद्यास्नी कळलं असतं."

कुणीतरी फिसकन हसलं. खरंच होतं ते! 

आजी मटकन खाली बसली. कुसुमला पुढ्यात ओढून तिनं तिच्या झग्यावरून छाती चाचपली. "हितं दुकतंय का गं बाय? टोचतंय का?"

"न्हाई."

मग तिनं बाहुलीच्या छातीतली सुई काढली. इतकी हळू काढली, मधे मधे कुसुमच्या तोंडाकडं बघत. काढलेली सुई बाईंच्या हातात दिली आणि बाईंनी ती, काय सांगावं, पदरात टोचली.

बबननं पोराला घोंगड्यात गुंडाळलं, बायकोला घेतलं आणि रस्त्यावर खडीचा ट्रक उभा होता त्यात बसून पौड गाठलं. पोर औषधानं बरं झालं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. गर्दी पांगली. आम्हीही निघालो, तर आजी म्हणाली, "थांबा."

तिनं पाट मांडला. त्यावर कुसुमला बसवलं, मांडीवर बाहुली. मग बाईंना म्हणाली, "आत जावा. चुलीमागं डब्यात मीठ-मोहऱ्या हायेत, फळीवर मिरच्या. आना."

त्या घरात बाईंना पडवीच्या पुढं कधी कुणी बोलावलं नव्हतं. माजघर ओलांडून चुलीपर्यंत तर नाहीच. बाई क्षणभर उंबऱ्याशी थांबल्या. मला वाटलं, आता सुरू होणार. दृष्ट बिष्ट काही नसतं, मिरची जळली की ठसका लागतोच, सगळं भाषण आत्ता इथं होणार. बाई आत गेल्या आणि मूठ भरून घेऊन आल्या.

कुसुम आजीकडं बघत होती. "माजी काडतीयास?"

"मंग कुनाची?"

"मला दिष्ट लागती?"

"तुला न्हाई लागनार तर कुनाला लागंल माजे बाय!" आजीचा आवाज फाटला. तिनं मूठ ओवाळली, डोक्यापासून पायापर्यंत, पुन्हा पुन्हा, पुटपुटत, बाहुलीवरूनही. आणि मूठ आगटीत टाकली.

मिरच्या तडतडल्या. धूर असा उठला की माझ्या घशात काटेच काटे. मी तोंडात पदर कोंबला. बाईंकडं पाहिलं. भिंतीला टेकून, पदराचा बोळा दातांत धरून त्या उभ्या होत्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी, मानेच्या शिरा ताठलेल्या, खांदे हिसके देत होते. पण आवाज नाही. खाचरातल्या माणसांना ऐकू जाणारी ती बाई, आणि तिच्या घशातून एक कण आवाज बाहेर येत नव्हता.

आजी डोळे पुशीत वाट बघत राहिली. आमच्याकडं एकदा नजर टाकली. ती काही खुळी नव्हती.

"ठसका न्हाई," शेवटी म्हणाली. "बगा, कुनालाच ठसका न्हाई. लई दिष्ट लागली हुती माज्या पोरीला."

पाटावर कुसुम ताठ बसली होती. बोटावर काजळ घेऊन आजीनं तिच्या गालाला तीट लावली. ती त्या गालावर दिसतही नव्हती. कुसुमनं मात्र दुसरा गाल पुढं केला.

आम्ही बाहेर पडलो. वळण येईपर्यंत बाई धावतच होत्या, आणि वळण आलं तशा बांधावरच्या ओल्या दगडावर बसल्या आणि खोकायला लागल्या. असा खोकला, असा खोकला, की मी पाठ चोळत होते आणि स्वतःही खोकत होते. हसत होत्या की रडत होत्या तेही कळेना.

"बाई," मी म्हटलं, "बसलात की हो तुम्ही!"

"गप गं," त्या म्हणाल्या. "खोकू दे."

वरून पाऊस धो धो. दोघी नखशिखांत भिजलो. छत्री नव्हती. ती आत कुसुमच्या मांडीवर होती.